किचन आयलंड की चाकाचं टेबल? आधी फ्रिजचं दार उघडा, मग टेप लावा

नमस्कार मंडळी! मागे ओट्याच्या उंचीवर व्हिडिओ टाकला होता, पण त्याखाली उंचीपेक्षा वेगळ्याच गोष्टीची चर्चा रंगली. "ताई, मधोमध आयलंड करायचंय, चांगलं राहील का?" लातूर, परभणी, जालना, अंबाजोगाई, सगळीकडून हाच प्रश्न. रील्समध्ये दिसतं ना, प्रशस्त स्वयंपाकघर, मधे पांढरंशुभ्र टेबल, बाजूला तीन उंच स्टुलं. ते बघून घर बांधणारी मंडळी थेट मिस्त्रीला सांगून मोकळी होतात. म्हणून आज यावरच बोलू.

पटकन सांगते. आयलंड म्हणजे जमिनीला पक्कं बसवलेलं, चारी बाजूंनी मोकळं टेबल. कार्ट म्हणजे चाकाचं टेबल, काम झालं की कडेला सरकवायचं. ओट्याखालच्या ओढायच्या ट्रॉल्यांचा हा विषय नाही, त्यांच्यावर वेगळा व्हिडिओ आहे. दोन्हीचा उपयोग एकच, चिरायला, मळायला, भांडी ठेवायला जास्तीची जागा. एवढं तुम्हाला माहीतच आहे, पुढे चला.

(टेप हातात घेऊन)

आता नीट ऐका, कारण इथेच घरं चुकतात. सगळे टेबलाचं माप विचारतात, "चार बाय दोन घेऊ का पाच बाय अडीच?" टेबलाचं माप शेवटी ठरतं. आधी ठरते मोकळी जागा. ओटा आणि आयलंड यांच्यात एकटा माणूस काम करणार असेल तर ४२ इंच हवेत, दोघं असतील तर ४८. ज्या बाजूनं फक्त जायचं-यायचं आहे, तिथं ३६.

चला, हिशोब करू. तुमचं किचन १० बाय १०, ओटा एकाच भिंतीला. ओटा २४ इंच खोल, मधे ४२ मोकळे, आयलंड अगदी लहान म्हणजे २४ रुंद, पलीकडं जायला ३६. बेरीज झाली १२६ इंच. दहा फूट म्हणजे १२०. झालं, एका भिंतीच्या ओट्यालाच बसत नाही! समोरच्या भिंतीलाही ओटा असेल तर २४, ४२, २४, ४२, २४, म्हणजे १५६ इंच, तेरा फूट. ही झाली रुंदी. लांबीतही चार फुटांचं आयलंड आणि दोन्ही टोकांना तीन-तीन फूट म्हटलं की दहा फूट गेले. एल आकाराचा ओटा असेल तर एका टोकाला दोन फुटांचा ओटा आणि साडेतीन फूट मोकळी जागा, म्हणजे साडेबारा. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये आठ बाय दहाचं किचन मिळालं तरी लोक खूश असतात. मग आयलंड कुठं ठेवणार?

यावर एका दादांनी मला लिहिलंय, "ताई, ४२ इंच जास्त होतात, माणूस दोन फुटांतूनही जातो." दादा, जातो, मान्य. रिकाम्या हातानं जातो. पण हातात उकळत्या आमटीचं पातेलं असलं आणि मागून लेकरू पळत आलं तर? स्वयंपाकघरात माणूस वाकतो, वळतो, मांडी घालून बसतो. दोन फुटांत यातलं काय होतं ते घरी एकदा करून बघा.

तीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं सांगते, कारण माप घेतानाही लोक चुकतात. टेप लावतात ओट्याच्या कडेपासून, सगळी दारं बंद ठेवून. अहो, स्वयंपाकघर बंद दारांचं असतं का? ओट्याखालची ट्रॉली बाहेर ओढली की २० इंच पुढं येते. समोर आयलंडला ड्रॉवर केले, तेही २० इंच. दोन्ही एकदम उघडले तर ४२ मधले ४० संपले, उरले दोन इंच. उभं कुठं राहायचं? फ्रिजचं दारही उघडलं की दोन फुटांच्या आसपास बाहेर येतं.

जालन्याला एका घरी मला नंतर बोलावलं होतं. सुंदर घर, ग्रॅनाइटचं आयलंड, ओट्यापासून अडीच फुटांवर. "अडीच फूट पुष्कळ झाले" असं त्यांना दुकानदारानं सांगितलेलं. फ्रिजचं दार अर्धंच उघडायचं, आयलंडला धडकायचं, आणि दार पूर्ण उघडल्याशिवाय भाजीचा कप्पा बाहेरच यायचा नाही. त्या ताई कोथिंबीर काढायला कप्पा तिरका करून हात घालायच्या. शेवटी आयलंडचा दगड कापला, खालचे खण नव्याने केले. त्या ताईंचा चेहरा अजून आठवतो, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगते. सगळी दारं, सगळे ड्रॉवर उघडा, मग टेप लावा.

सिलिंडर विसरू नका. १४.२ किलो गॅस, वर टाकीचं वजन, भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. तो आडवा करून फिरवत न्यायचा नसतो, उभाच सरकवायचा. आयलंडच्या कोपऱ्याला वळसा घालून तो ओट्याखाली पोचेल का, हेही मोजा. आणि पाण्याची टिपं, म्हणजे मोठे ड्रम! २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी बघितलंय, त्या लातूरकरांना पाणी साठवू नका असं मी कधीच सांगणार नाही. पण ते टिप, तो रांजण, ते हंडे नकाशात दाखवा. नकाशात किचन रिकामं असतं, तुमच्या घरात नसतं.

आता तिसऱ्या बाजूनं, माणसांकडून. आमच्या लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येच्या, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच जेवायच्या सणाच्या, आदल्या रात्री स्वयंपाकघरात बघा. भज्जी, उंडे, आंबील, सगळं सकाळी शेतात न्यायचं. जावा, नणंदा, सासूबाई, शेजारच्या काकू, सगळ्या एकाच खोलीत. कुणी ओट्याशी, कुणी खाली पाय पसरून भाज्या निवडत. त्या रात्री मधली मोकळी फरशी हीच कामाची जागा असते. तिथं पक्कं आयलंड बांधलं तर चार बायकांची जागा गेली.

नांदेडच्या एका ताईंची कमेंट वाचून दाखवते. "आमची माय अजून खालीच बसून भाकरी थापते. सून म्हणते आयलंड करू. मायनं कुठं बसावं?" ताई, तुमच्या मायची जागा आधी. तिला उभ्यानं काम होत असेल आणि तिची इच्छा असेल तर वेगळं. नाहीतर तिचा पाट, तिची काठवट, तिच्या हाताला लागणारा पिठाचा डबा, एवढी फरशी आखून घ्या. उरलेल्या जागेत काय बसतंय ते मग बघू. या घरात मी चाकाचंच टेबल सुचवीन, दुपारी भिंतीला लावून ठेवता येतं.

आणि हो, "आयलंडवरच शेगडी ठेवली तर?" हा प्रश्न सारखा येतो, आणि दरवेळी मला काळजी वाटते. शेगडीच्या चारी बाजूंनी माणसं फिरणार, कढईचा दांडा बाहेर आलेला, समोर स्टुलावर लेकरू. फोडणी उडाली तर तोंडावर. भिंतीला लागून शेगडी असते तेव्हा निदान एक बाजू सुरक्षित असते. शिवाय गॅसची नळी दीड मीटरपेक्षा लांब वापरायची नसते, ती उघड्यावर दिसतही राहायला हवी. मधोमध शेगडी म्हणजे फरशीखालून पाइपलाइन आली आणि छतातून उतरणारी चिमणी आली. चाकाच्या टेबलावर तर गॅस कधीच नाही, विषय संपला. इंडक्शन? दोन हजार वॅटचं असेल तर सोळा अँपिअरचा सॉकेट हवा. साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका, वायर तापते. मिक्सर चालेल.

उंचीचं थोडक्यात. तयार मिळणारी बरीच टेबलं ३६ इंचांची असतात, म्हणजे उंच माणसांसाठी. कोपर वाकवून उभ्या राहा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की चिरण्याची उंची आली. पाच फूट उंचीच्या बाईला साधारण ३२ ते ३४ बरोबर बसते. भाकरीसाठी, कणीक मळण्यासाठी आणखी खाली, २९-३०. ओटा उंच असेल तर चाकाचं टेबल मुद्दाम बुटकं करून घ्या आणि भाकरीचं ठाणं तिथं करा. माझ्या जाऊबाईंचे खांदे कायम दुखायचे. बुटक्या टेबलावर थापायला लागल्यापासून दुखणं बरंच कमी झालंय.

पण मग चाकं! भाकरी थापताना जोर नुसता खाली जात नाही, परात फिरते, हात आडवा सरकतो. चारी चाकांचं टेबल ब्रेक लावूनही डुलतं, कारण साधा ब्रेक चाकाचं फिरणं थांबवतो, चाकाचं वळणं नाही. दोन्ही थांबवणारी चाकं मागा. माझं आवडतं काम वेगळंच आहे: दोन पायांना चाकं, दोन पाय साधे, खाली रबरी बूट. एका बाजूनं उचलायचं, ढकलायचं, सोडलं की जागेवर. आपल्या भागातला कुठलाही फॅब्रिकेशनवाला हे करून देतो.

फरशी शहाबादी असेल तर सांधे असतात, दोन इंची चाकं त्यात अडकतात. तीन इंचांपेक्षा मोठी, रबराची किंवा पीयूची (पॉलियुरेथेनची) घ्या. कडक प्लास्टिकची खडखड करतात. फरशीला मोरीकडं उतार असतो, तोही बघा. वजनाचा हिशोब असा: टेबल आणि सामान मिळून ९० किलो असेल तर चारनं नाही, तीननं भागायचं. उंचसखल फरशीवर एक चाक नेहमी अधांतरी असतं. म्हणजे प्रत्येक चाक तीस किलोचं तरी हवं.

वरचा पृष्ठभाग पटकन. ग्रॅनाइट उत्तम, पण जड, दोन बाय चारची फळीच चाळीसेक किलो भरते. कडप्पा स्वस्त आणि आपल्या सवयीचा, पण तो चुनखडीचा दगड, लिंबू-चिंच सांडली की डाग पडतो. संगमरवराचंही तेच. बोअरचं जड पाणी असेल तर काळ्या दगडावर पांढरे डाग दिसणारच, रोज कोरडं पुसा. खालच्या खणांना पार्टिकल बोर्ड नको, आपण फरशी धुतो, तो फुगतो. ७१० मार्कचं, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लाय घ्या आणि जमिनीपासून चार इंच वर, धातूच्या पायांवर ठेवा. वाळवीपासूनही बचाव होतो.

आता तुमचं काम. पुठ्ठ्याची मोठी खोकी आणा, टेबलाच्या मापाची मांडणी मधोमध करा, आणि आठवडाभर तिच्याभोवती स्वयंपाक करा. सकाळची डब्यांची घाई, रात्रीची भांडी, पाहुणे, सगळं होऊ द्या. मग कमेंटमध्ये लिहा: भिंतीपासून भिंतीपर्यंत किती, ओटा किती भिंतींना, फ्रिज कुठं आणि त्याचं दार कुठल्या बाजूला उघडतं, घरात खाली बसून काम कोण करतं. ही माहिती असलेल्या कमेंट निवडून पुढच्या व्हिडिओत कागदावर नकाशा काढून दाखवते. नुसतं "आयलंड चालेल का" असं लिहू नका, उत्तर देता येत नाही.