साठ सेंटांसकटचा हिशेब

12,513 डॉलर आणि 60 सेंट.

अमेरिकेतल्या साऊथ डकोटा राज्यात, छोट्या कौंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) जाऊन वकिली करायला तयार असलेल्या वकिलाला वर्षाकाठी मिळणारी ही रक्कम. सलग पाच वर्षं. आकडा असा साठ सेंटांपर्यंत मोजून का? तर राज्याच्या विद्यापीठात कायद्याच्या एका वर्षाला जेवढी फी पडत होती, तिचे हे 90 टक्के.

फी डोळ्यांसमोर ठेवण्याला कारण आहे. अमेरिकेत वकील होऊन बाहेर पडणाऱ्या अनेकांच्या डोक्यावर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज असतं. पदवी हातात पडल्यावर काही महिन्यांतच हप्ते सुरू. मग पावलं शहराकडे वळतात. त्यांना दोष कसा द्यायचा?

केंद्र सरकारची योजना आहे, 2007 सालची. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी करत 120 हप्ते भरा, उरलेलं सरकारी कर्ज माफ.

मेख आहे ती ‘पूर्णवेळ’ या शब्दात.

दोन-चार हजार वस्तीच्या कौंटीत सरकारी वकिलालाही पूर्णवेळ काम नसतं. सकाळी तो कोर्टात चोरीचा खटला चालवतो. दुपारी स्वतःच्या ऑफिसात एखाद्या शेतकऱ्याचं मृत्युपत्र करतो, जमीन तीन मुलांत कशी वाटायची ते कागदावर उतरवतो. शेजारच्या कौंटीतला वकील कोर्टाच्या नेमणुकीवर गरीब आरोपीची बाजू मांडतो, तासावर पैसे घेऊन. माझ्या मते ही सगळी लोकसेवाच आहे. पण खासगी वकिलीतले तास योजनेत धरले जात नाहीत.

आणि वकील तर लागतोच. फ्लोरिडाच्या तुरुंगातून क्लेरन्स गिडियन नावाच्या कैद्याने पेन्सिलीने अर्ज लिहिला, आणि 1963 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकील परवडत नसेल, तर तो राज्याने द्यायचा. पण कौंटीत वकीलच राहत नसेल तर? मग दुसऱ्या गावाहून बोलवायचा, आणि त्याच्या येण्या-जाण्याचे पैसे मोजायचे.

साऊथ डकोटाचे तेव्हाचे सरन्यायाधीश डेव्हिड गिल्बर्टसन यांनी ही गोष्ट लावून धरली. 2013 साली कायदा झाला, आणि सुरुवातीला सांगितलेली रक्कम त्यातूनच मिळते. लोकसंख्या दहा हजारांच्या आत असलेल्या कौंट्यांसाठी. निम्मे पैसे राज्याचे, 15 टक्के वकिलांच्या संघटनेचे.

उरलेले 35 टक्के कौंटीने द्यायचे. मला या योजनेतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. वर्षाला साधारण 4,380 डॉलर, कौंटीच्या स्वतःच्या तिजोरीतून. त्यासाठी निवडून आलेल्या सदस्यांनी बैठकीत हात वर करायचा. रस्त्यांची डागडुजी, हिवाळ्यातला बर्फ काढणं, आणि त्याच खर्चाच्या यादीत आणखी एक ओळ: आपल्या गावाला वकील.