ग्लूसुरच्या वहीतला तिसरा रकाना

(स्वीडनमधल्या मराठी मेळाव्यात झालेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित. स्वीडिश शब्द उच्चाराच्या जवळ जाऊन देवनागरीत लिहिले आहेत.)

नमस्कार मंडळी,

ज्यांच्या घरात शाळेत जाणारं मूल आहे, त्यांना 'ग्लूसुर' म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: ग्लूसुर म्हणजे पाठ करायच्या शब्दांची यादी. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे स्वीडिश, साधारण दहा-पंधरा शब्द, आणि मग वर्गात छोटीशी परीक्षा. स्वीडिश शाळेत इंग्रजी उशिरात उशिरा तिसरीत सुरू होतं, सहावीला आणि नववीला त्याची राष्ट्रीय चाचणी असते. म्हणजे ही यादी एकदा घरात आली की बरीच वर्षं मुक्काम ठोकते.

आपल्याकडची गंमत अशी, की आईबाबांचं इंग्रजी पक्कं आणि स्वीडिश कच्चं. मुलाचं नेमकं उलट. आई सांगते, 'एव्हेंच्युअली' म्हणजे 'शेवटी, यथावकाश'. मूल म्हणतं, छे, 'एवेन्तुएल्त' म्हणजे 'कदाचित'. दोघांचंही बरोबर असतं, कारण हे दोन वेगळे शब्द आहेत, फक्त चेहरा एक. पण परीक्षेत मूल 'एव्हेंच्युअली'समोर 'कदाचित' लिहून येतं. आणि तिकडे ऑफिसात 'मी एवेन्तुएल्त येतो' असं कुणी म्हणालं, की आपण त्याच्यासाठी खुर्ची राखून ठेवतो. तो येईल न येईल, एवढंच त्याने सांगितलेलं असतं.

अशा जुळ्या चेहऱ्यांच्या शब्दांची वेगळी यादी भिंतीवर लावा. स्वीडिश 'शेफ' म्हणजे साहेब; स्वयंपाक करणारा तो 'कॉक्क'. मुलाने इंग्रजी निबंधात 'माझ्या आईचा शेफ' लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं घरी आचारी ठेवलाय. 'सेमेस्तेर' म्हणजे सुट्टी, आणि शाळेचं सत्र म्हणजे 'तेर्मीन'. 'नोवेल्ल' म्हणजे कथा, कादंबरी म्हणजे 'रुमान'. 'फाब्रीक' कारखाना, कापड 'त्यूग'. 'ब्लांकेत्त' म्हणजे सरकारी फॉर्म, पांघरायचं ब्लँकेट म्हणजे 'फिल्त'. पैशांच्या गोष्टी करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: इंग्रजी बिलियनला स्वीडिशमध्ये 'मिलियार्ड' म्हणतात, म्हणजे आपलं अब्ज. स्वीडिश 'बिल्यून' हे थेट एक लाख कोटी. इथे चूक हजारपटींची होते.

पण जुळे चेहरे ही वरवरची अडचण. ती पाठांतराने सुटते. खरी अडचण तेव्हा, जेव्हा इंग्रजीत एक शब्द असतो आणि स्वीडिशमध्ये दोन किंवा तीन. आणि इथेच आमचं म्हणणं आहे, की या वहीत तिसरा रकाना आखा, मराठीचा. संस्कृतीबिंस्कृती राहू द्या बाजूला. निव्वळ सोय म्हणून आखा, कारण कित्येक जागी मराठी शब्द स्वीडिश शब्दाला इंग्रजीपेक्षा जास्त चपखल बसतो.

'टु नो' हे क्रियापद घ्या. स्वीडिशमध्ये त्याचे तीन तुकडे होतात: 'वेता', 'कुन्ना', 'शेन्ना'. इंग्रजीतून समजावायला गेलं की पानभर नियम. मराठीत लिहा: वेता म्हणजे माहीत असणं, शेन्ना म्हणजे ओळखणं, कुन्ना म्हणजे येणं. 'मला पोहता येतं', 'मला स्वीडिश येतं', दोन्हीकडे आपण 'येतं' म्हणतो आणि ते दोन्हीकडे 'कान' (कुन्नाचं वर्तमानकाळातलं रूप) म्हणतात. तसंच 'लिव्ह': 'बू' म्हणजे राहणं, 'लेवा' म्हणजे जगणं. 'प्ले': मुलं अंगणात खेळतात ते 'लेका' (हो, लेका), आणि पेटी वाजवणं, फुटबॉल खेळणं हे 'स्पेला'. 'गो' म्हटलं की आपण सरसकट स्वीडिश 'गो' वापरतो, पण तो चालत जाण्याचा शब्द आहे. गाडीने, बसने, विमानाने जाणं म्हणजे 'ओका'. शब्द कानाला कसाही लागो, तोच बरोबर. नाहीतर तुम्ही पुण्याला पायी निघालात असं समोरच्याला वाटेल.

नात्यांचं तर विचारूच नका. 'अंकल' या शब्दावर इंग्रजी हात टेकते. स्वीडिश विचारते, कुणाकडचा? वडिलांचा भाऊ 'फार्ब्रुर', आईचा भाऊ 'मुर्ब्रुर'. काका आणि मामा. वडिलांची बहीण 'फास्तेर', आईची बहीण 'मुस्तेर'. आत्या आणि मावशी. भावाचा मुलगा आणि बहिणीचा मुलगा हेही वेगळे, आपल्या पुतण्या-भाच्यासारखे. आजीच्या बाबतीत मात्र ते आपल्या एक पाऊल पुढे आहेत: आईची आई 'मुर्मुर', वडिलांची आई 'फार्मुर'. आपण दोघींना आजीच म्हणतो आणि मग 'पुण्याची आजी', 'साताऱ्याची आजी' असं करून भागवतो. काकू आणि मामीसाठी त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द नाहीत, तिथे आपली सरशी.

आता थोडं व्याकरण. 'हिज बॅग' म्हणजे कुणाची? इंग्रजी सांगत नाही. स्वीडिशमध्ये 'सीन वेस्का' म्हणजे ज्याच्याबद्दल बोलतोय त्याची स्वतःची, 'हान्स वेस्का' म्हणजे दुसऱ्या कुणाची. मराठीत: 'त्याने आपली बॅग उचलली' आणि 'त्याने त्याची बॅग उचलली'. 'सीन' म्हणजे आपला, बस्स. आणि आपला-आपली-आपलं जसं पुढच्या नामाप्रमाणे बदलतं, तसंच सीन, सित्त, सीना. इंग्रजीतून शिकणारे इथे वर्षानुवर्षं अडखळतात.

घड्याळ बघा. 'हाल्व त्रे' शब्दशः 'अर्धे तीन', म्हणजे अडीच. इंग्रजीच्या सवयीने 'हाफ थ्री' ऐकलं की माणूस साडेतीनला पोचतो, आणि दंतवैद्याची वेळ गेलेली असते. आता आपल्या 'अडीच'ची व्युत्पत्ती काढा: संस्कृत 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धा. अगदी हाच हिशेब! 'औट हात देह' मधलं औट, साडेतीन, हेही तसंच, 'अर्धचतुर्थ'. 'क्वाट ई त्रे' म्हणजे पावणेतीन. वहीत इंग्रजी वेळ लिहूच नका.

'क्वाट' असं का लिहिलं, तर तिथे अक्षरं र आणि त असली तरी स्वीडनच्या बहुतेक भागात दोन्ही मिळून 'ट' होतो. तसाच र-द चा ड, र-न चा ण, र-स चा ष. मूल म्हणजे 'बार्न' लिहायचं, पण म्हणायचं 'बाण'. टेबल म्हणजे 'बूड'. इतरांना जीभ वळवायला महिने लागतात, आपण ट-ड-ण-ष बालवाडीत गिरवलेले असतात. दक्षिणेत स्कोनेमध्ये, मालमो-लुंडकडे, तसं होत नाही. तिथे र वेगळाच, घशातला.

ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र लक्ष द्या. 'ताक' दीर्घ म्हटलं की छप्पर, 'तक्क' ऱ्हस्व म्हटलं की धन्यवाद. 'ग्लास' म्हणजे पेला, 'ग्लस्स' म्हणजे आईस्क्रीम.

मराठी रकाना सगळीकडे पुरत नाही, हेही सांगायला हवं. 'थिंक'चे तीन शब्द आहेत: 'तेन्का' म्हणजे विचार करणं, पण 'त्रू' आणि 'त्युका' दोन्हींना आपण 'वाटणं' म्हणतो. त्याला एक कसोटी: जे पुढे खरं-खोटं ठरू शकतं तिथे त्रू (मला वाटतं पाऊस येईल), जे आपलं मत आहे तिथे त्युका (मला वाटतं भाजी छान झाली). 'पुट'चंही तसंच. आडवं ठेवणं 'लेग्गा', उभं ठेवणं 'स्तेल्ला'. पण जेवणाची ताटली पसरट असूनही ती स्तेल्ला करतात, कारण ती आपल्या बुडावर बसते. आणि लिंगं जुळवायला जाऊ नका. स्वीडिश नामांचे दोनच गट, 'एन' आणि 'एत्त'. मूल आपल्याकडे नपुंसकलिंगी आणि तिकडे 'एत्त', हा योगायोग. पुस्तक नपुंसकलिंगी, पण तिकडे 'एन'. सुमारे तीन चतुर्थांश नामं 'एन'ची आहेत, तरी अंदाजावर सोडू नका, शब्दाबरोबरच पाठ करा.

आता कार्ड कसं करायचं. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड कागद. पुढे इंग्रजी शब्द आणि तो शब्द असलेलं छोटं वाक्य. वाक्य हवंच, कारण नुसतं 'स्प्रिंग' लिहिलं तर स्वीडिश 'वोर' (वसंत), 'फ्येदेर' (गादीतली स्प्रिंग) की 'शेल्ला' (झरा), हे कळायला मार्ग नाही. आणि 'स्प्रिंगा' म्हणजे तर धावणं. मागे चार रूपं: एत्त बाण, बाणेत, बाण, बाणेन, म्हणजे एक मूल, ते मूल, मुलं, ती मुलं. क्रियापद असेल तर भूतकाळाची रूपंही. खाली मराठी. शब्द तपासायला 'फोल्केत्स लेक्सिकोन' हा स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठाचा मोफत इंग्रजी-स्वीडिश कोश पुरतो, आणि रूपांसाठी स्वीडिश अकादमीचे कोश. भाषांतराच्या अॅपला एकटा शब्द देऊ नका, आख्खं वाक्य द्या.

तीन डबे घ्या, बुटांचे चालतील. नवीन कार्ड पहिल्यात, ते रोज. बरोबर आलं की दुसऱ्यात, ते एक दिवसाआड. पुन्हा बरोबर आलं की तिसऱ्यात, आठवड्यातून एकदा. चुकलं की कितव्याही डब्यातून थेट पहिल्यात. ही सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या पद्धतीची घरगुती आवृत्ती. रोज दहा मिनिटं भरपूर झाली.

बिघडतं कुठे? यादी झाकून वरून खाली म्हणून घेतली, की मूल क्रम पाठ करतं; पाचवा शब्द आला म्हणून सहावा येतो. म्हणून कार्डं पिसा. एकाच दिशेने विचारलं, तर स्वीडिश बघून इंग्रजी सुचत नाही. तोंडी येतं आणि लिहिताना स्पेलिंग जातं, म्हणून शेवटच्या फेरीत लिहायला लावा. 'बॉरो' आणि 'लेंड' एकाच दिवशी देऊ नका. स्वीडिशमध्ये दोन्हींना 'लोना', त्यामुळे गोंधळ ठरलेला. मराठी रकान्यात 'उसनं घेणं', 'उसनं देणं' लिहा आणि मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. वार आणि महिने स्वीडिशमध्ये लहान अक्षराने सुरू होतात, म्हणून मुलं इंग्रजी 'मंडे'ही लहान एमने लिहितात आणि हमखास गुण घालवतात.

शाळेतल्या मातृभाषेच्या तासाबद्दलही विचारणा झाली होती. किमान पाच मुलं आणि योग्य शिक्षक मिळाले, तर नगरपालिकेने तो तास द्यायचा असतो, पण अर्ज पालकांनी करायचा. आज इथे पाचाहून जास्त मुलं धावताना दिसताहेत, तेव्हा एका पालिकेतल्यांनी एकमेकांना गाठा.

मागच्या टेबलावर कोरी कार्डं आणि पेनं ठेवली आहेत. जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी प्रत्येक घराने एक करून न्या. सुरुवात 'अंकल'पासून करा, आणि मागे दोन ओळींची जागा ठेवा.