आत्याचा आजार कुणी विचारतं का?

नमस्कार श्रोतेहो.

स्तनाच्या कॅन्सरच्या १०० रुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणींना तो आईवडिलांकडून आलेल्या जनुकातल्या दोषामुळे होतो. बीजांडकोशाच्या कॅन्सरमध्ये हे प्रमाण आणखी जास्त आहे. त्यातली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं १९९४-९५ साली नेमकी हाती लागली. आता रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावरून दोष कळतो. तरीही गरज असलेल्या कितीतरी जणी या तपासणीपर्यंत पोचतच नाहीत.

पैसा हे कारण आहेच. अमेरिकेत या जनुकांचं पेटंट मिरियाड नावाच्या कंपनीकडे होतं आणि तपासणीला हजारो डॉलर लागत. जून २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गातल्या जनुकावर पेटंट चालणार नाही असा निकाल दिला. मग इतर प्रयोगशाळा पुढे आल्या आणि दर उतरले. निकालाच्या महिनाभर आधी हॉलिवूडची अभिनेत्री अँजेलिना जोलीने हा दोष असल्याने आपले दोन्ही स्तन आधीच काढून घेतल्याचं जाहीर केलं होतं. तपासणीला गर्दी झाली, पण त्या प्रमाणात स्तन काढण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या नाहीत. म्हणजे बातमी ऐकून आलेल्यांत खऱ्या जोखमीच्या बायका बहुधा थोड्याच होत्या. त्याच देशात कृष्णवर्णीय रुग्ण स्त्रियांना डॉक्टर ही तपासणी कमी वेळा सुचवतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. डॉक्टरांनी नावच काढलं नाही, तर बाई स्वतःहून मागणार कशी?

आपल्याकडे "घरात कुणाला कॅन्सर होता का?" असं विचारलं की बाई आईचं, मावशीचं सांगते. आत्या राहून जाते. हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. आई असो वा वडील, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. शिवाय घरात आजाराचं नावच घेतलेलं नसतं. "पोटात गाठ होती, गेली बिचारी," एवढंच नातीला माहीत असतं. ती गाठ बीजांडकोशाची होती का, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारायला हवं, कागद असतील तर शोधायला हवेत.

आणि मुलीचं लग्न! सोयरीक मोडेल म्हणून रिपोर्ट कपाटात जातो आणि सख्ख्या बहिणीलाही कळत नाही. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. पण या लपवाछपवीची किंमत बहिणीला मोजावी लागते. तिला दोष आहे असं वेळेवर कळलं, तर एमआरआयने लक्ष ठेवता येतं, बीजांडकोश काढण्याचा विचार करता येतो.

शक्य असेल तर आधी आजारी व्यक्तीची तपासणी करावी. तिच्यात दोष सापडला की नातेवाइकांमध्ये तेवढाच शोधायचा असतो आणि तो खर्च बराच कमी येतो. तपासणीआधी समुपदेशन घ्या. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन व उपचार केंद्रात त्यासाठी कर्करोग जनुकशास्त्राचं क्लिनिक आहे. कधीकधी अहवालात जनुकातला असा बदल निघतो, ज्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. आपल्या लोकांची जनुकीय माहिती जगाच्या नोंदींत कमी असल्याने हे आपल्याकडे जास्त घडतं. तेवढ्यावरून कुणी शस्त्रक्रियेची घाई करू नये.

भावालाही सोबत न्या. बीआरसीए-२ मध्ये दोष असेल तर पुरुषाला प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो आणि स्तनाचा कॅन्सर त्यालाही होऊ शकतो.