मोती सुटले, रकाना राहिला

(पडद्यावर : शाळेचा प्रवेश अर्ज. पेनाचं टोक एका रिकाम्या ओळीवर थांबलेलं.)

वडिलांचं नाव.

ही ओळ आपण बहुतेकांनी कसलाही विचार न करता भरलेली असते. पण निपाणी, संकेश्वर, रायबाग, गोकाक या पट्ट्यातल्या काही गल्ल्यांत पेन इथंच अडायचं. कुणी मामाचं नाव घालायचं, कुणी आजोबाचं. मास्तर समजूतदार निघाले तर प्रश्न विचारायचे नाहीत. नाही निघाले तर भर वर्गात विचारायचे.

कारण अर्ज घेऊन आलेली आई देवाला सोडलेली, म्हणजे देवदासी असायची.

(पडद्यावर : सौंदत्तीचा डोंगर, भंडाऱ्याने पिवळी झालेली वाट.)

सौंदत्तीची यल्लमा बेळगाव जिल्ह्यात आहे, पण तिचा गोतावळा जिल्ह्यात मावणारा नाही. मार्गशीर्षातल्या पुनवेला कोल्हापूरकडून गाड्या भरभरून येतात. ही रांडाव पुनव. जमदग्नी मारला गेला, देवी विधवा झाली, म्हणून या दिवशी चुडा फुटतो. मग माघी पौर्णिमेला, म्हणजे भारत हुण्णिमेला, देवी पुन्हा अहेव होते. याच पुनवेला पोरींच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ पडायची. त्याला म्हणतात मोती बांधणं. लग्न लागलं, पण नवरा नाही. वयात आल्यावर कुणीतरी पैसेवाला पुढं यायचा, त्याच्याशी झुलवा, म्हणजे लग्नाविना नातं, लागायचा. तो कंटाळला की संपलं. पुढं जोगवा, परडी, नाहीतर मुंबई-पुण्याची वाट.

मोती का बांधायचे? घरात मुलगा नाही म्हणून. आजारपणात बोललेला नवस फेडायचा म्हणून. पोरीच्या केसात जट आली म्हणून. जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा झालेला गुंता, देवीचं बोलावणं नव्हे. कात्रीनं कापला की जातो. आणि एक गोष्ट बघा. या मुली बहुतेक दलित वस्तीतल्याच. वाड्यातल्या लेकीच्या केसात जट आली आणि तिला यल्लमाला सोडलं, असं या भागात कुणाच्या ऐकिवात नाही. देवीला वाड्याचा पत्ता बहुधा ठाऊक नसावा.

कायदे काही कमी झाले नाहीत. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० मध्येच या प्रथेला हात घातला. १९३४ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा आला. तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतात होतं. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली आणि देवी एका राज्यात, तिचे निम्मे भक्त दुसऱ्या राज्यात, अशी वाटणी झाली. कर्नाटकानं १९८२ मध्ये स्वतःचा कायदा केला, महाराष्ट्रानं २००५ मध्ये. कर्नाटकाच्या त्या कायद्यात आई-बाप किंवा नातेवाइकांनीच मुलगी सोडली तर शिक्षा जास्त, दोन ते पाच वर्षं. ऐकायला चोख वाटतं. पण तक्रार करायची कुणी? आठ वर्षांच्या पोरीनं, आईविरुद्ध? डोंगरावर पोलीस उभे राहू लागले, तसे मोती घरात, गावाबाहेरच्या देवळात, रात्रीचे बांधले जाऊ लागले. माळ बोरमाळेच्या आड लपली.

(पडद्यावर : समाजमंदिरात सतरंजीवर बसलेल्या बायका. मधे पत्र्याची पेटी, हिशेबाची वही.)

म्हणून कामाला सुरुवात झाली ती बायकांनी बायकांशी बोलण्यापासून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मायराडा ही संस्था राज्याच्या महिला विकास महामंडळाच्या साथीनं बेळगाव जिल्ह्यात देवदासींचे गट बांधू लागली. त्यातूनच १९९७ मध्ये या बायकांची स्वतःची संस्था उभी राहिली : महिला अभिवृद्धी मत्तु संरक्षण संस्थे, म्हणजे महिला विकास आणि संरक्षण संस्था. सगळे तिला 'मास' म्हणतात. तिचा कारभार पाहिलेल्या सीताव्वा जोडट्टी यांना स्वतःला सातव्या वर्षी देवाला सोडलं होतं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पद्मश्रीचा फोटो पेपरात येतो. या पत्र्याच्या पेटीचा येत नाही, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबू. आठवड्याला ठरलेली रक्कम पेटीत पडते. त्यातून कुणी शेळी घेतं, कुणी सावकाराचं देणं फेडतं. पण पेटीचं खरं काम वेगळं आहे. पैसे मोजायला बसलेल्या बायका बोलू लागतात. अमक्या घरी नवस बोलल्याचं कळलंय. तमकीच्या पोरीला शाळेतून काढलंय. पोलिसांच्या कानावर जाण्याआधी बातमी या सतरंजीवर येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौघी-पाचजणी त्या घराच्या उंबऱ्यावर बसलेल्या असतात. शिव्या खातात, चहा मिळाला तर चहा घेतात, उठत मात्र नाहीत. त्यांना हटकणार कोण? "तुम्हाला काय कळतंय देवीचं," असं त्यांना म्हणायची सोय नाही. देवीचं त्यांच्याइतकं कुणालाच कळलेलं नाही.

इथं एक सांगायला हवं. सगळ्यांचा रस्ता एक नाही. इथून तासा-दोन तासांवर सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ पासून काम करते आणि तिथल्या बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद निपाणीपर्यंत पोचलेली आहे. त्यांचं म्हणणं असं की आम्हाला कुणी 'सोडवू' नये. आमचा धंदा आणि आमचे हक्क यांचं काय ते आम्ही बघू. बेळगावच्या बायका म्हणतात, ही माळच नको. दोन्हीकडच्या बायका एकाच यल्लमाच्या. यात कोण बरोबर, हे या माहितीपटात आम्ही ठरवणार नाही. पण पोलिसी छाप्यातून 'सुटका' झालेल्या बाईचं पुढं काय होतं, हा सांगलीच्या बायकांचा प्रश्न टाळून पुढं जाता येत नाही, एवढं खरं.

(पडद्यावर : सरकारी कचेरीचा व्हरांडा. फायलींचे गठ्ठे.)

आता कागदाचं. २००८ पर्यंत कर्नाटक सरकारनं देवदासींची मोजणी दोनदा केली. १९९३-९४ मध्ये २२,८७३ बायका नोंदल्या गेल्या, २००७-०८ मध्ये आणखी २३,७८७. मिळून ४६,६६०. या यादीत नाव असेल तर पेन्शन, घर, कर्ज. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पेन्शन महिना दीड हजारावरून दोन हजार झाली. नाव नसेल तर काहीच नाही.

नाव का नसतं? मोजणीवाले आले तेव्हा बाई गावात नव्हती. किंवा होती, पण पोरगा म्हणाला, "आई, नाव देऊ नको, माझी सोयरीक मोडंल."

आणि त्या शाळेच्या अर्जाचं? २०२५ मध्ये कर्नाटकाच्या विधिमंडळानं नवा कायदा संमत केला. देवदासीच्या मुलांना वडिलांचं नाव सांगायची सक्ती नको, असं त्यात आहे. ती ओळ रिकामी ठेवायला शंभर वर्षं लागली.

(पडद्यावर : संकेश्वर. एका घराची ओसरी. साठीच्या मावशी, शेजारी संस्थेची तरुण कार्यकर्ती, मांडीवर फाइल.)

या मावशींचं नाव आम्ही सांगणार नाही. पहिल्या मोजणीच्या वेळी त्या मुंबईत होत्या, दुसऱ्या वेळी सांगलीत. यादीत नाव नाही, आणि आता अर्ज करायचा तर पुरावा हवा. देवदासी असल्याचा पुरावा.

"मोती हायत का, मावशी?"

"हिरण्यकेशी नदीत सोडले की. तुमच्याच बायकांनी सोडायला लावले न्हाई का!"

ओसरीवर हशा पिकतो. मावशी हसत नाहीत.

मग साक्षीदार गोळा होतात. गल्लीतल्याच तिघी, यादीत नाव असलेल्या, पेन्शन घेणाऱ्या. मोती कधी बांधले, एवढं त्यांनी सांगायचंय. एक म्हणते, दुष्काळाच्या साली. दुसरी म्हणते, छे, दुष्काळाच्या आदल्या साली, मी होते की डोंगरावर, हिला ताप होता, अंगावर हिरवं परकर-पोलकं. तिसरी म्हणते, पोलकं हिरवं नव्हतं. वाद बराच वेळ चालतो. मावशींना कुणी विचारत नाही, आणि त्याही मधे पडत नाहीत. पोलक्याचा रंग तेवढा त्या शेवटी सांगतात. हिरवाच होता.

कार्यकर्ती वर्षाच्या रकान्यात लिहिते : १९७१. क्षणभर थांबते. मग मागं बारीक अक्षरात 'अंदाजे' घालते आणि पुढचा रकाना विचारते.