अरबीत नोकरीविषयी बोलायला शिकवताना

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यात अरबी शिकायला येणारी माणसं नाना तऱ्हेची असतात. एखादी परिचारिका आखातात जायच्या तयारीत असते, हिंजवडीतल्या कुणाचं गिऱ्हाईक दुबईत असतं, चाकणच्या एखाद्या फिटरला रियाधची नोकरी खुणावत असते. मी काय करतो, किती वर्षं करतो आणि पुढे काय करायचंय, एवढं या सगळ्यांना लवकरात लवकर बोलता यायला हवं असतं. वर्गात मात्र बहुधा तीस-चाळीस व्यवसायांची यादी फळ्यावर येते, तीही इंग्रजी अर्थांसकट. यादी पाठ होते, पण तोंड उघडत नाही. हाच पाठ मराठीतून घेतला तर बराच सोपा जातो. फक्त मराठी कुठे हात देते आणि कुठे पाय ओढते, हे शिकवणाऱ्याला ठाऊक हवं.

आधी प्रत्येकाला त्याचा स्वतःचाच व्यवसाय द्या, शेजाऱ्याचा नंतर. ‘अना मुहन्दिस’, मी इंजिनियर. इथे ‘आहे’ला शब्दच नाही. शिकणारा तो शोधत बसतो आणि मध्येच ‘हुवा’, म्हणजे ‘तो’, घुसवतो. वर्तमानात काही लागत नाही, भूतकाळात मात्र लागतं, म्हणून ‘कुन्तु मुहासिबन’, मी हिशेबनीस होतो, हे वाक्य त्याच तासाला शेजारी लिहा. फरक डोळ्यांना दिसला की ‘हुवा’ आपोआप गळतो. दुसरी अडचण बायकांची. मराठीत डॉक्टर, इंजिनियर, वकील हे शब्द बाईलाही तसेच राहतात, त्यामुळे मुली सर्रास ‘अना मुहन्दिस’ म्हणतात. तिथे ‘मुहन्दिसा’ हवं, ‘मुहासिबा’ हवं, आणि ते पहिल्याच दिवशी.

आता मराठीचा फायदा बघा. ‘माझ्याकडे अनुभव आहे’ याला अरबीत ‘इन्दी खिब्रा’. ‘इन्दी’ म्हणजे शब्दशः माझ्याकडे. इंग्रजीच्या वाटेने गेलं तर ‘हॅव’सारखं क्रियापद शोधावं लागतं, मराठीतून उडीच मारायची. तसंच ‘पाच वर्षांपासून काम करतोय’ हे वाक्य. ‘अअ्मल मुन्धु खम्स सनवात’. मराठीत क्रियापद वर्तमानातलं, अरबीतही वर्तमानातलं. फक्त आकड्यांना जपा. तीन ते दहा वर्षांना अनेकवचन, ‘सनवात’. अकरापासून पुढे पुन्हा एकवचन, म्हणून वीस वर्षं म्हणजे ‘इश्रीन सना’. आणि दोन वर्षं म्हणताना आकडा उच्चारायचाच नाही, बोलण्यात ‘सनतैन’ झालं की पुरे.

खरी मेहनत पुढच्या बेतांवर आहे. मराठीत ‘मला शिकायचंय, त्याला शिकायचंय, तिला शिकायचंय’ यात ‘शिकायचंय’ जागचं हलत नाही. अरबीत दोन्ही क्रियापदं माणसाप्रमाणे बदलतात. मी : ‘उरीद अन अद्रुस’. तो : ‘युरीद अन यद्रुस’. ती : ‘तुरीद अन तद्रुस’. समोरच्या पुरुषाला विचारतानाही ‘तुरीद अन तद्रुस’च, पण समोर बाई असेल तर ‘तुरीदीन अन तद्रुसी’, म्हणजे ‘अन’नंतरच्या क्रियापदाच्या शेवटचा न जातो. शिकणारा पहिलं क्रियापद बरोबर बदलतो आणि दुसरं आहे तसं सोडतो, कारण मराठीत ते बदलायची सवयच नाही. यावर व्याकरणाचं व्याख्यान चालत नाही, चिठ्ठ्या चालतात. एकेका चिठ्ठीवर सध्याचं काम, अनुभवाची वर्षं आणि पुढचा बेत, एवढंच. जोडीतल्या दोघांनी एकमेकांना विचारायचं आणि मग तिसऱ्याला जोडीदाराबद्दल सांगायचं. ही तिसऱ्याला सांगायची पायरी वगळू नका. ‘मी’च्या वाक्यात लपलेली चूक ‘ती’च्या वाक्यात उघडी पडते.

सरावाला आधी ‘अद्रुस’ घ्या, ‘अअ्मल’ नको. कारण त्यातला ऐन. घशातून येणारा हा आवाज मराठीत नाही, आणि क्रियापद बदलणं व ऐन काढणं ही दोन ओझी एकदम पेलत नाहीत. ऐनकडे दुर्लक्षही करता येत नाही. ‘अब्हथ अन अमल’ म्हणजे मी काम शोधतोय, पण ‘अमल’मधल्या ऐनच्या जागी साधा अ आला की शिकणारा म्हणतो, मी आशा शोधतोय. बेकाराच्या तोंडी तेही शोभतं म्हणा!

पुस्तकातलं ‘उरीद’ आखातात फारसं ऐकू येत नाही, तिथे ‘अबी’ किंवा ‘अब्गा’ चालतं आणि ‘अन’ गळतो : ‘अबी अश्तगिल’, मला काम करायचंय. माणसाप्रमाणे बदलणं मात्र तसंच राहतं, म्हणून वरचा सराव वाया जात नाही.

ओळखीच्या शब्दांनी फसायला होतं. आपला ‘अर्ज’ अरबीतून आला, पण नोकरीच्या बोलण्यात तिथे ‘अर्द’ म्हणजे देकार. अर्ज हवा असेल तर ‘तलब’. ‘अना वकील’ म्हटलं तर ऐकणारा तुम्हाला एजंट समजेल, कोर्टातला वकील तो ‘मुहामी’. उलट मार्केट यार्डातला हमाल फार उपयोगी. अरबीत तो ‘हम्माल’, मधलं अक्षर दुहेरी. याच साच्यात नज्जार सुतार, हद्दाद लोहार, खय्यात शिंपी, तब्बाख स्वयंपाकी. एक साचा कळला की निम्मी यादी नकोच.

पगाराला ‘रातिब’, आपल्या दुधाच्या रतिबाचाच भाऊ. तो विचारायला शिकवताना नुसतं ‘कम अर-रातिब?’ पुरत नाही. ‘अर-रातिब अल-असासी’ म्हणजे मूळ पगार, ‘बदल सकन’ म्हणजे घरभाडं भत्ता, ‘बदल नक्ल’ म्हणजे प्रवास भत्ता. सगळं मिळून आकडा मोठा दिसतो, पण अमिरातीत नोकरी संपल्यावरची रक्कम मूळ पगारावर मोजतात. तेव्हा ‘कम अर-रातिब अल-असासी?’ हा प्रश्न तोंडात बसेपर्यंत घोकून घ्या, आणि करारावर सही करण्याआधी विचारायला सांगा.