कडी आतून

(दृश्य : गल्लीतलं बैठं घर. दोरीवर वाळत घातलेल्या साड्या.)

या भाड्याच्या घरात पाच बायका राहतात. एकमेकींच्या नात्यातल्या कुणीच नाहीत. ओळख झाली ती मनोरुग्णालयात. आजार आटोक्यात आला, पण घरी न्यायला कुणी आलं नाही. मग वॉर्डातच वर्षं गेली.

चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेने २०१५ मध्ये अशी घरं सुरू केली. योजनेचं नाव 'होम अगेन'. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोघींनी १९९३ साली, रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी बायकांसाठी ही संस्था काढली होती. आज आपल्या रत्नागिरीतही अशी घरं आहेत.

(दृश्य : दाराची कडी, जवळून.)

या घराची कडी आतून लागते. तुम्हाआम्हाला त्यात काय विशेष? पण त्याच तामिळनाडूत, एरवाडीला, ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले.

(दृश्य : स्वयंपाकघर. भाजी निवडणारे हात.)

अशा घराचा कारभार म्हणजे किराणा, भाडं आणि औषधांच्या गोळ्या, असं बाहेरून वाटतं. तेही करावंच लागतं. गोळी चुकली की नोंदवहीत दिसलं पाहिजे, झोप उडाली की डॉक्टरांना वेळेत कळलं पाहिजे. पण सगळ्यात अवघड काम सोबतिणीचं, म्हणजे या बायकांच्या मदतीला घरात असणाऱ्या पगारी बाईचं आहे. ती बहुतेकदा जवळपासच्याच वस्तीतली, पदवी वगैरे नसलेली बाई. तिला शिकवायचं काय, तर हात आवरायला. गवार मोडायला तासभर लागू दे, ताट ओढून घ्यायचं नाही. आंघोळ कधी, साडी कुठली, हातातल्या पैशांचं काय करायचं, हे जिचं तिने ठरवायचं. ज्या बाईला वर्षानुवर्षं कुणी काही विचारलंच नाही, ती पहिल्यांदा नुसती बघत राहते. तेव्हा थांबावं लागतं.

आणि सोबतीण थकली तर? थकलेलं माणूस आधी आवाज चढवतं, मग घाई करतं, आणि एक दिवस 'जरा बाजारात जाऊन येते' म्हणून बाहेरून कडी घालतं. म्हणून घर चालवणाऱ्याने तिची सुट्टी, तिच्या जागी येणारी बदली बाई आणि वेळेवरचा पगार या गोष्टी जिवापाड जपायच्या. माझ्या मते घर टिकतं ते इथेच.

शेजाऱ्यांचंही तसंच. भाड्याने घर मिळतानाच कपाळावर आठ्या दिसतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारीण यांना बोलावते का, हेही नोंदवहीत लिहावं असं मला वाटतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं १९ वं कलम सांगतं, की घरचे स्वीकारत नाहीत किंवा जायला जागा नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. कलम झालं. घरं अजून फार थोडी आहेत.

(दृश्य : रात्र. ओट्यावर घासलेली भांडी.)

जेवणं उरकली आहेत. आमटीत मीठ जास्त कुणी टाकलं, यावर दोघींचं अजून जुंपलेलं आहे. सोबतीण मधे पडत नाही.