साहेबाचे ओटे आणि एक पिवळी रेघ

(विजयदुर्ग येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' तुम्ही लहानपणापासून बघत आलात. गोष्टही तोंडपाठ असेल. १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर साहेबानं, म्हणजे एका इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं, त्या ओट्यांवरून खग्रास ग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला. आज तुमच्याच गावात उभा राहून मी ही गोष्ट थोडी मोडणार आहे. जेवणाआधी बोलावलंत ही चूक तुमची.

ऐन पावसाळ्यात इथे सूर्य दिसेल अशी पैज तुमच्यापैकी कोण लावील? (हशा) खग्रासाचा पट्टा इथून गेला होता हे खरं, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. त्या दिवशी गुंटूरला जान्सेन नावाच्या फ्रेंच माणसानं सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे रंग फोडून पाहिलेल्या प्रकाशात, तेजस्वी रेघा पाहिल्या. त्या इतक्या ठळक होत्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याला दिसल्या. लॉकियरनं ऑक्टोबरात तिकडे घरबसल्या तेच साधलं.

"मगे सायब हयसर इलोच नाय?" मागून आजोबा विचारतायत. इलो, आजोबा! पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला लॉकियर विजयदुर्गात होता आणि आरमारी जहाजावरचे खलाशी त्याला निरीक्षणात मदत करत होते. म्हणजे साहेब खरा, गाव खरं, ग्रहणही खरं, फक्त तारीख घसरली. मला तर ही गोष्ट जास्त आवडते. हेलियमचं नाव ठेवणारा माणूस उतारवयात इथल्या कातळावर उभा होता.

आता रेघ म्हणजे काय ते बघू. दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकतात, तेव्हा तडतडतात मोहऱ्या, पण ज्वाळ क्षणभर पिवळीधमक होते ती मिठामुळे. ह्या स्पिरिटच्या दिव्यात चिमूटभर मीठ टाकतो. बाळा, ही जुनी सीडी तिरकी धरून बघ. बल्बकडे धरलीस तेव्हा अख्खं इंद्रधनुष्य होतं ना? आता? नुसतं पिवळं. ही सोडियमची सही. नीट मोजलं तर त्या पिवळ्यात दोन रेघा निघतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर.

१८६८ मध्ये सूर्यावर जी पिवळी रेघ दिसली, ती बऱ्याच जणांना मिठाचीच वाटली. लॉकियरनं काटेकोर मोजली, तर भरली ५८७.६. दीड-दोन नॅनोमीटरचा फरक. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना, म्हणून म्हटलं नवं मूलद्रव्य, सूर्याच्या नावानं हेलियम. लोक हसले. १८९५ मध्ये रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाला तोच वायू युरेनियमच्या खनिजात सापडला.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होते. पण १८६८ च्या पुढच्याच वर्षी, १८६९ च्या ग्रहणात, सूर्याच्या प्रभामंडळात, म्हणजे कोरोनात, एक हिरवी रेघ दिसली, ५३०.३ वर. तीही कशाशीच जुळेना. हेलियमचा अनुभव ताजा, तेव्हा हेही नवं मूलद्रव्य, नाव कोरोनियम! मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणाऱ्या खुद्द मेंडेलीव्हनं तिच्यात त्याला हायड्रोजनपेक्षा हलकं म्हणून जागा सुचवली. सत्तर वर्षं गेली, आणि १९४० च्या आसपास ग्रोट्रियान व एडलेन यांनी दाखवलं की ते आहे साधं लोखंड! तेरा इलेक्ट्रॉन झडलेलं लोखंड. इतके इलेक्ट्रॉन झडायला तापमान लागतं वीस लाख अंशांच्या घरातलं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार, आणि त्याच्या वरचं विरळ वातावरण वीस लाख! चुलीपासून लांब जावं आणि जास्त भाजावं, तसं झालं. हे का, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. चुंबकीय लाटा की असंख्य बारीक स्फोट, वाद चालू आहे. आपल्या आदित्य-एल१ वरचं एक उपकरण तीच हिरवी रेघ बघतं.

आज विश्वशास्त्रात जे मोठे प्रश्न आहेत, त्यांच्यापुढे मी हेच विचारतो: हा हेलियम की कोरोनियम? नवी वस्तू आहे, की जुनीच वस्तू आपल्याला न कळलेल्या अवस्थेत?

कृष्णद्रव्य घ्या. दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या प्रचंड तारासमूहांच्या, कडेचे तारे दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानानं फार वेगानं फिरतात. म्हणजे न दिसणारं काहीतरी आहे, दिसणाऱ्याच्या पाचपट. अमेरिकेत जमिनीखाली दीड किलोमीटरवर कित्येक टन द्रव झेनॉन भरून लोक त्याच्या एका कणाची वाट बघतायत. गळ टाकून बसलेत, पण अजून मासा नाही. मिल्ग्रोम नावाचा भौतिकशास्त्रज्ञ १९८३ पासून म्हणतो, वस्तू नाहीच, गुरुत्वाचा नियम दुरुस्त करा. माझा कौल हेलियमकडे, कारण दोन दीर्घिकासमूहांची टक्कर झालेली दिसते तिथे गुरुत्व एकीकडे आणि तापलेला वायू दुसरीकडे राहिलाय. पण कोरोनियमवाल्यांनाही अशीच खात्री होती, हे सांगून ठेवतो.

लिथियमचं बघा. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत किती हेलियम बनला त्याचा हिशेब छान जुळतो, वजनानं जवळजवळ पाव हिस्सा. त्याच हिशेबानं लिथियम जितका हवा, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच जुन्या ताऱ्यांत दिसतो. तारेच तो गिळतात, असा माझा संशय.

विश्व किती वेगानं फुगतंय हा सगळ्यात चिडवणारा प्रश्न. बाल्यावस्थेतल्या प्रकाशावरून काढलं तर सुमारे ६७, ताऱ्यांच्या शिडीनं अंतरं मोजत काढलं तर ७३. ही मापं दर मेगापार्सेकमागे (सुमारे तेहतीस लाख प्रकाशवर्षांमागे) सेकंदाला किलोमीटरची. दोन्हीकडचे लोक मोजण्यात पटाईत, आणि फट बुजत नाही. मोजमापात चूक असेल, असं दहा वर्षांपूर्वी मी बिनधास्त म्हटलं असतं. आज जीभ अडखळते.

बाहेर काळोख झाला. धक्क्यावर दुर्बीण लावली आहे, देवयानीवर रोखलेली. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका आहे, पण तुम्हाला दिसेल धुरकट ठिपका, तेव्हा 'एवढंच?' म्हणू नका. व्हेरा रूबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये तिच्याच कडेचे वेग मोजले, आणि ते कमी होईनात. बॅटऱ्या खाली धरून चला, धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या आहेत.